ठिपक्यांची रेघ आणि तुझी भरती

वासू, परवाच्या रविवारी मी सवयीने अमळनेरला जाऊन बसलो. धरणगावहून सकाळची पॅसेंजर धरली, उतरलो, फलाटाच्या टोकाला आपल्या बाकड्यावर बूड टेकलं आणि मग लक्षात आलं की शिंदखेड्याकडून येणाऱ्या गाडीतून आज कोणी उतरणार नाही. तुला जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. चहावाले नाना लांबूनच बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "आज भांडन नही का, भो?" त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. ते किटली खाली ठेवून शेजारी बसले. मग म्हणाले की तुमच्या त्या जहाजांमधलं मला कधी काही कळलं नाही, पण तुम्ही भांडायला लागलात की रविवार उजाडल्यासारखा वाटायचा.

आता हे ऐकून रडावं की हसावं? मी दोन्ही केलं. नानांनी चहा दिला, तो नेहमीसारखाच फार गोड होता.

तुझ्या शोकसभेतही माझी पंचाईत झाली. नरडाण्याच्या तुझ्या कारखान्यातले साहेब उभे राहिले आणि म्हणाले, वासुदेवराव अतिशय मितभाषी होते. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, मित्राला आवरत नाहीये. खरंच आवरत नव्हतं, पण हसू. जहाजाच्या पत्र्याची जाडी बाजूला किती आणि नाकाला किती असावी यावर तू एकदा अमळनेर ते नरडाणा अख्खा रस्ता बोलला होतास. मला जायचं होतं उलट्या दिशेला. तुझं वाक्य संपेना म्हणून मी तुझ्या गाडीत चढलो आणि बेटावद गेलं तरी तू पत्र्यावरच होतास. मशीनशी बोलायचं म्हणून तू कारखान्यात गप्प राहत असशील. उरलेलं सगळं रविवारी माझ्या डोक्यावर ओतायचास.

आपण दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता, ही गोष्ट आपण आपला जहाजांचा खेळ खेळणाऱ्यांपासून किती वर्षं लपवली रे? धुळ्याच्या पॉलिटेक्निकच्या हॉस्टेलमध्ये तू हौदात पत्र्याची होडी सोडायचास आणि ती कलंडली की खिळे इकडचे तिकडे करायचास. पोरं आंघोळीला खोळंबायची, शिव्या द्यायची. तू म्हणायचास, थांबा, हिचं पोट चुकलंय. पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, होडी विसरली. मी जळगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागलो. आणि एका दुपारी तुझा फोन आला, कसा आहेस-बिहेस काही नाही, "गोप्या, आपली होडी आता मोबाईलवर तरंगी का?" तिथून आपला जहाजांच्या लढाईचा खेळ, 'सात तोफा', सुरू झाला. मी पडद्यावरचं सगळं करणार आणि पाण्यातलं सगळं तू.

पहिल्याच महिन्यात आपलं वाजलं. मला जहाज अंगठ्याने फिरवलं की फिरायला हवं होतं. तुला ते वळायला वेळ लागायला हवा होता. केळीने भरलेली ट्रॉली वळवताना मागचं अंग कसं बाहेर फेकलं जातं ते तू मला पाळधीच्या फाट्यावर उभं करून दाखवलंस. उन्हात. तीन ट्रॉल्या जाईपर्यंत. मी म्हटलं, खेळणाऱ्याला कंटाळा येईल, अंगठा फिरवला की त्याला काहीतरी घडलेलं दिसायला पाहिजे. तू म्हणालास, "भो, जहाज शे ते. फटफटी नही." शेवटी मी ते तुझ्या मनासारखं केलं आणि लोकांना नेमकं तेच आवडलं. ते वजन. ते तुला मी कधी कबूल केलं नाही. आता करतो.

पण मीही काही कमी नव्हतो, कारण माझ्याकडे अक्का होती. माझी थोरली बहीण, धरणगावच्या घरात खिडकीशी शिलाई मशीन टाकून बसलेली, अर्ध्या गावाचे ब्लाउज तिच्या हातचे. चार वाजता मुली शिवण शिकायला येतात, त्याआधीचा तासभर तिचा स्वतःचा. मी ठरवलं की हा खेळ अक्काला जमला पाहिजे. जिने कधी कुठला खेळ उघडला नाही, जिला तोफ म्हणजे काय ते सांगावं लागतं, तिने मशीनवरून उठून चष्मा पुसून मोबाईल हातात घेतला की पाच मिनिटांत मजा यायला हवी. तू काहीही नवीन आणलंस की माझं एकच वाक्य असायचं: अक्काला कळेल का? हे वाक्य मी इतक्या वेळा वापरलं की तुझ्या वहीत त्याची खूण होती, समासात नुसता 'अ'.

ठिपक्यांची रेघ मी अक्कासाठीच काढली. तोफ फिरवली की पाण्यावर ठिपके उमटायचे आणि गोळा कुठे पडेल ते आधीच दिसायचं. पहिल्या दिवशी अक्काने रेघ बघून दुसऱ्याच गोळ्यात समोरचं जहाज फोडलं आणि शेजारच्या मंडळींना हाका मारून दाखवलं. मला एवढा आनंद झाला की मी लगेच तुला फोन केला. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास की मग तोफही आपोआप उडू दे, आम्ही बाजूला बसून शेंगा खातो.

रेघेचा तुला मनापासून राग होता. गोळ्याला पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात समोरचं जहाज पुढे गेलेलं असतं, तेव्हा ते जिथे आहे तिथे मारायचं नाही, जिथे असेल तिथे मारायचं. हा अंदाज बांधणं म्हणजेच खेळ, असं तू म्हणायचास, आणि रेघ तो अंदाजच चोरते. मी म्हणायचो, ज्याला पहिल्या दिवशी एकही गोळा लागला नाही तो दुसऱ्या दिवशी येत नाही, तुझा अंदाज कोणाला शिकवशील? तुला आठवतं, एकदा एका नव्या खेळणाऱ्याला तू एका सकाळीत इतक्या वेळा बुडवलंस की शेवटी त्याने लिहिलं, "काका, आम्ही पोहायला आलेलो नाही." मी ते वाचून दाखवलं तेव्हा तू ओशाळलास. फार वेळा नाही ओशाळायचास, म्हणून लक्षात राहिलं.

मग आपण शहाणपणा केला. दोन पाणी केली. एक सोपं, रेघ असलेलं आणि एक अवघड, बिनरेघेचं. भांडण मिटलं म्हणून नानांकडे दोन-दोन कप चहा प्यालो. आणि काय झालं? अवघड पाण्यात तू आणि आणखी आठ जण, एकमेकांची वाट बघत, कारण लढाईला माणसं पुरेनात. सोप्या पाण्यात गर्दी, पण आठवडाभरात कंटाळून जाणारी, कारण शिकण्यासारखं कोणी समोर येईना. नवशिक्याला आपल्यापेक्षा भारी कोणीतरी दिसावं लागतं, आणि भारी माणसाला सोबत लागते. हे आपल्याला तेव्हा कळलं. दोन्ही पाणी पुन्हा एक केली आणि भांडण जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

आणि आता ती भरती. किनाऱ्यावरच्या एका गृहस्थांचं पत्र आलं तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. तू मोठ्या हौसेने समुद्राला प्रवाह दिला होतास, जहाज त्यात सरकायचं, आणि महिनाभर आपण दोघं छाती काढून फिरत होतो. त्या गृहस्थांनी फार अदबीने लिहिलं होतं: खेळ उत्तम आहे, फक्त एक शंका, तुमच्याकडे भरतीचं पाणी परत जात नाही का? मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. आपण समुद्राचं पाणी कायम पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं ठेवलं होतं. का, तर तापी तशी वाहते. दोन इंजिनियर माणसं, वर्षभराची मेहनत, आणि आपल्या डोक्यात पाणी म्हणजे नदी. तू इतका हसलास की बाकड्यावरून घसरलास. माझी गाडी आली आणि गेली, तुझी आली आणि गेली. नाना तिकडून ओरडून विचारत होते की झालं तरी काय, आणि आपल्याला सांगता येईना.

त्यानंतर मात्र तू भरतीच्या मागे लागलास. त्या गृहस्थांनाच फोन करकरून पाणी कधी चढतं, कधी थबकतं, कधी फिरतं ते वहीत उतरवलंस. लढाई ऐन रंगात आली की पाणी फिरायचं आणि जिंकणारा हरायला लागायचा. फार सुंदर केलं होतंस तू ते. पण कळत कोणालाच नव्हतं. रोज तक्रारी: जहाज आपोआप सरकतं, खेळात बिघाड आहे, दुरुस्त करा. लोक खेळ काढून टाकायला लागले. भरती ज्यांना कळली होती ते तुम्ही नऊ जण, आणि नंतर आलेला तो दहावा, 'दुपार' नावाने खेळणारा. रोज तीनला यायचा, पाण्याच्या जोरावर सगळ्यांना झोडपायचा आणि चारला गायब. मी म्हणायचो की हा नौदलातून निवृत्त झालेला कोणीतरी असणार, चारला त्याच्या चहाची वेळ होत असेल. तू म्हणायचास, असेल. तुझ्या त्या 'असेल'मध्ये काय काय होतं ते मला आत्ता दिसतं.

आपल्या शेवटच्या रविवारी मी तुला सांगितलं की पुढच्या आवृत्तीत मी भरती काढतोय. तू काही बोलायच्या आत मी पुढचं बोलून टाकलं. हौस पुरे, खेळ जगला पाहिजे, आणि हे अक्काला या जन्मात कळणार नाही. तू चिडशील म्हणून मी तयारीत होतो. तू चिडलाच नाहीस. नुसतं म्हणालास, "अक्काले इचारं का कधी?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, माझी बहीण आहे. तू हसलास. गाडी आली, तू दारात उभा राहूनही हसतच होतास, आणि मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी हात हलवला नाही.

हात हलवला नाही, वासू. ते मला टोचतंय. बाकी काही नाही, भांडण राहिलं त्याचं काही नाही, भांडण आपलं रोजचंच होतं. पण गाडी निघाली की मी हात करायचो आणि त्या दिवशी केला नाही. बुधवारी तुझ्या मुलाचा फोन आला.

तर परवाचा रविवार. नानांचा चहा पिऊन मी परत धरणगावला आलो. किनाऱ्यावरच्या त्या गृहस्थांनी सगळ्यांना निरोप दिला होता की तीन वाजता जमायचं, तुझी वेळ म्हणून. पहिल्या पाळीहून घरी आलास की तू तीनलाच बसायचास ना. मी माझं जहाज घेऊन गेलो. एकेक करून ते आठ जण आले. कोणी तोफ उडवली नाही. सगळ्यांनी इंजिनं बंद केली आणि जहाजं पाण्यावर सोडून दिली, तुझ्या पाण्यावर. आठ जहाजं हळूहळू एकाच अंगाला सरकत होती आणि मी ते पडद्यावर बघत होतो. मग 'दुपार' आला. तोही इंजिन बंद करून त्यांच्या रांगेत लागला. कोणी शिकवल्यासारखा नाही, रोज तिथेच राहत असल्यासारखा.

मला वाटलं, अक्काला हे दाखवावं. तिची तुझ्यावर माया होती, तू आलास की तुझ्यासाठी ती शेवभाजी करायची, माझ्यासाठी नाही. मोबाईल तसाच हातात धरून मी तिच्या खोलीत गेलो. अक्का मशीनशी बसली होती. मशीनवर कुणाचा तरी निळा ब्लाउज अर्धा शिवून पडलेला, चष्मा नाकावर, आणि मांडीवरच्या मोबाईलमध्ये आठ जहाजं आणि एक माझं. मध्ये तिचं. मी तिच्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडच्या पडद्याकडे बघितलं. दोन्हीकडे तेच पाणी होतं.

ती वर न बघता म्हणाली, "बस. पानी आते फिरी."

आणि फिरलं. अर्ध्या मिनिटात सगळी जहाजं थबकली आणि मागे निघाली.

ती गेलं वर्षभर रोज तुझ्याबरोबर खेळत होती. तू तिला फोनवर शिकवायचास, तीन ते चार, आणि मी जळगावला वर्गात, मला पत्ता नाही. गोळा जहाजाच्या पुढे मारायचा हे तिला एका दुपारी कळलं, कारण कापड बेतताना शिवणीसाठी जास्तीचं सोडायची तिला सवय आहे. भरती कळायला आठवडा लागला. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं? तेव्हा तिने मोबाईल बाजूला ठेवला.

"मीच सांगेल होतं त्याले, गोपायले सांगू नको. तू मन्हाकरता रेघ काढी. तिनी माले गरज नही हाई समजतं, ते तुले वाईट वाटतं."

म्हणजे बघ. मी वर्षभर तिच्या नावाने तुझ्याशी भांडत होतो, आणि रेघ तिला लागत नाही हे लपवून ती माझं मन राखायला गप्प होती, आणि तू तिचा शब्द राखायला. आणि मी, शहाणा, निवृत्त नौदलवाल्याला चहा पाजत होतो. मला जमिनीत जावंसं वाटलं. मग हसायलाच आलं. तिलाही आलं.

मी म्हटलं, म्हणजे रेघ काढून टाकतो, वासू बरोबर होता. त्यावर ती जे म्हणाली त्यासाठी मी हे सगळं लिहितोय.

"नको. तोच म्हने, रेघ ऱ्हाऊ दे. रेघ नही ऱ्हाती ते अक्का, तू पहिलाच दिन मोबाईल फेकी देती. माले ती आते दिसतच नही, मी पानी देखस."

तू असं म्हणाला होतास. तू! रेघ राहू दे असं. अमळनेरच्या बाकड्यावर इतक्या रविवारी तू हे एकदाही तोंडातून काढलं नाहीस. मला तुझी फार आठवण येते, वासू, आणि त्या क्षणी तुझा जितका राग आला तितका कधीच आला नव्हता, आणि इतका आनंदही कधी झाला नव्हता. मी तिच्या कापडांच्या गाठोड्यावर बसलो.

भरतीचं काय करायचं तेही तिनेच सांगितलं. म्हणाली, पाटाचं पाणी कुठे चाललंय हे आपण कसं बघतो? काडीकचरा टाकून. तसा तुमच्या समुद्रात टाका, लोकांना सांगत बसायची गरज नाही. हे तिने तुला आधीच सुचवलं होतं, आणि तू म्हणाला होतास की हे तूच गोपाळला सांग, माझ्याकडून ऐकलं तर तो भांडेल. बरोबर आहे. भांडलो असतो.

काल नवी आवृत्ती गेली. रेघ आहे. तुझी भरती आहे, मी तिच्यातली एक ओळ बदललेली नाही. नवीन फक्त पाण्यावरच्या काड्या. ज्याला बघायच्या नाहीत त्याला त्या शोभेच्या वाटतात. ज्याला बघायच्या आहेत त्याला दिसतं की काड्या वाहतात, मग जागच्या जागी थांबतात, आणि मग परत फिरतात. आज सकाळी एकाने लिहिलंय, "काड्या उलट्या निघाल्या म्हणून मीही इंजिन बंद करून पाहिलं, भारी!" हा माणूस परवापर्यंत बिघाड आहे म्हणून तक्रार करत होता. त्याचं पत्र मी छापून तुझ्या वहीत ठेवलं. वही तुझ्या मुलाने मला दिली आहे. समासात सगळीकडे 'अ' आहेत. मी मोजायला गेलो नाही. पण शेवटच्या काही पानांवरचे 'अ' तू गोल करून ठेवले आहेस, आणि ते का, हे आता मला कळतं: तेवढं अक्काला कळलेलं होतं.

आज मी कॉलेजला रजा टाकली आणि तीन वाजता अक्काने मला बुडवलं. मी रेघेच्या भरवशावर होतो, ती पाण्याच्या. नंतर दार लोटून माझ्या खोलीत आली आणि माझ्याकडे बघून गेली, चारला मुली यायच्या होत्या म्हणून.

आता निघता निघता एक राहिलं. जेवताना मी म्हणालो की रविवारी अमळनेरला जायची सवय मोडायला हवी, एकट्याने त्या बाकड्यावर बसून करायचं काय. अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, मी येते. मी म्हटलं, तू? तिथे येऊन तू काय करणार? तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "भांडसू."